एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय : कोणता स्कॅन कशासाठी?

"एकदाच एमआरआय काढून टाकू, म्हणजे सगळं कळेल." तपासणी केंद्राच्या काउंटरवर ही मागणी सतत होते. तिच्यामागची काळजी खरी असते, पण समज चुकीचा असतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी आणि एमआरआय या एकाच जिन्याच्या चढत्या पायऱ्या नाहीत. प्रत्येक यंत्र शरीरातली वेगळी गोष्ट मोजतं. त्यामुळे पित्ताशयातला जो खडा स्वस्तातल्या सोनोग्राफीत ठळक दिसतो, तो कित्येक पट महागड्या सीटीत कधीकधी दिसतच नाही. कुठलं यंत्र काय मोजतं हे एकदा समजलं, की डॉक्टरांनी अमुकच तपासणी का लिहिली आणि त्यासाठी उपाशी राहायला किंवा पाणी प्यायला का सांगितलं, हे आपोआप उलगडतं.

एक्स-रेपासून सुरुवात करू. किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत किती अडले, एवढंच हा फोटो सांगतो. हवा काळी, चरबी गडद करडी, स्नायू आणि पाणी फिकट करडं, हाड पांढरं आणि धातू त्याहून पांढरा. बस, एवढ्याच छटा. रक्त, पू आणि स्नायू यांची छटा जवळजवळ एकच असल्याने एक्स-रेत ते वेगळे ओळखता येत नाहीत. शिवाय पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. म्हणून हाडाचा फोटो किमान दोन दिशांनी काढतात. समोरून सरळ दिसणारं हाड बाजूने पाहिल्यावर सरकलेलं निघतं. छातीचा फोटो उभं करून, छाती प्लेटला टेकवून, खांदे पुढे ढकलून, पूर्ण श्वास भरून आणि किरण सोडणारी ट्यूब सुमारे १८० सेंटीमीटर मागे ठेवून काढतात. खांदे पुढे घेतले की खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला होतात. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा फोटो समोरून, जवळून काढावा लागतो आणि त्यात हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. असा फोटो पाहून "हृदय वाढलंय" म्हणून घाबरून जाऊ नका, तो कसा काढला हे आधी विचारा.

एक्स-रेची एक मर्यादा फार महत्त्वाची आहे. अंगठ्याच्या बुडाशी मनगटात स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडल्यावर ते तडकलं, तरी पहिल्या दिवशीच्या फोटोत ती चीर बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून तिथे दाबून दुखत असेल तर फोटो नॉर्मल असूनही डॉक्टर प्लास्टर किंवा पट्टी देतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. हा वेळकाढूपणा नव्हे. एमआरआय मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच सांगू शकतो, कारण हाडाच्या आत साठलेलं पाणी त्याला दिसतं.

सोनोग्राफीत किरण नसतात, आवाज असतो. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, पोटासाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा आणि थायरॉइडसारख्या वरवरच्या भागासाठी ७ ते १५ मेगाहर्ट्झचा. वारंवारता वाढली की चित्र बारीक येतं, पण आवाज खोलवर पोचत नाही. म्हणून एकाच यंत्राला दोन-तीन प्रोब (त्वचेवर फिरवायची, आवाज सोडणारी उपकरणं) लावलेले दिसतात, आणि म्हणूनच जाड चरबी असलेल्या पोटात चित्र धूसर येतं. आवाजाचा मोठा शत्रू हवा. त्वचा आणि प्रोब यांच्यामधली हवा घालवायला जेल लावतात, पण आतड्यातल्या गॅसवर जेलचा उपाय चालत नाही. "स्वादुपिंड गॅसमुळे दिसले नाही" असं रिपोर्टात लिहिलं असेल तर त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा : ते पाहताच आलेलं नाही. ते निरोगी आहे असं तो रिपोर्ट म्हणत नाही.

सोनोग्राफीची तयारी बिघडली की तपासणी वाया जाते. पोटाच्या सोनोग्राफीला सहा तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कपभर चहाने. दूध पोटात गेलं की पित्ताशय आकुंचन पावतं, त्याची भिंत जाड दिसते आणि आतले लहान खडे लपतात. "चहाच तर घेतला" असं सांगायलाही लोक संकोचतात. पण सांगा, म्हणजे वेळ पुढे ढकलता येईल. ओटीपोटाच्या तपासणीला उलट मूत्राशय भरलेलं लागतं, कारण ते आतडी बाजूला सारतं आणि मागचं गर्भाशय किंवा प्रोस्टेट दिसायला वाट देतं. तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पुरतं. दोन लिटर पिऊन कळ सोसत बसू नका. मूत्राशय अति फुगलं तर मूत्रपिंडंही थोडी फुगलेली दिसतात आणि नसलेल्या अडथळ्याची शंका येते. योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीला मात्र मूत्राशय रिकामं हवं. मधुमेह असणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ मागावी आणि उपाशीपोटी गोळी-इन्सुलिन घ्यायचं का, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवावं.

गरोदरपणातली सोनोग्राफी आठवड्यांवर चालते. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात. हा काळ टळला की ते माप निरुपयोगी. अवयवांची सविस्तर तपासणी १८ ते २२ आठवड्यांत. या तपासणीला डॉक्टरांची चिठ्ठी आणि 'फॉर्म एफ' हा सरकारी नोंदीचा फॉर्म लागतो, कारण १९९४ च्या कायद्याने गर्भाचं लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. फॉर्म भरायला लागणाऱ्या वेळेबद्दल काउंटरवर कुरकुर करू नये असं मला मनापासून वाटतं. तो कागद कशासाठी आला, हे आपल्या राज्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता सीटी. मूळ तत्त्व एक्स-रेचंच, पण ट्यूब शरीराभोवती फिरते आणि शेकडो कोनांतून घेतलेल्या मापांवरून संगणक आडवे काप तयार करतो. एकावर एक पडणं संपतं. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७०, घट्ट हाड हजाराच्या पुढे. या आकड्यांना सीटी बनवणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं नाव आहे; त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन लंडनमध्ये १९७१ साली झाला. मेंदू आणि ताजं रक्त यांच्या आकड्यांतल्या त्या थोड्या फरकावर आज असंख्य जीव वाचतात.

एमआरआयमध्ये ना किरण, ना आवाजाचा प्रतिध्वनी. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन भरपूर आहे. प्रबळ चुंबकात त्याचे अणुगर्भ एका दिशेला वळतात, रेडिओ लहरीने त्यांना हलवलं की परत मूळ स्थितीत येताना ते संदेश सोडतात, आणि प्रत्येक ऊतीत ते परतण्याचा वेग वेगळा असतो. म्हणून एमआरआयला मऊ भागांतले बारीक फरक दिसतात : लिगामेंट (हाडं जोडणारे बंध), मेनिस्कस (गुडघ्यातली चकती), मणक्यांमधली गादी, मज्जारज्जू, मेंदू. याउलट जिथे हायड्रोजन कमी तिथे तो दुबळा. फुफ्फुसात बहुतेक हवाच, वर श्वासाची हालचाल. तिथे सीटीच चांगला. हाडाचे लहान तुकडे मोजायचे असतील तरीही सीटी.

पक्षाघात, मुतखडा, पाठदुखी

अचानक एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर रुग्णालयात बहुतेक वेळा आधी साधा सीटी काढतात. पुष्कळदा तो नॉर्मल येतो आणि नातेवाईक चिडतात, "मग काढला कशाला?" त्या घडीला डॉक्टरांचा प्रश्न एकच असतो : रक्तस्राव आहे की नाही? रक्तवाहिनी तुंबून आलेला झटका पहिल्या काही तासांत सीटीत दिसेलच असं नाही, रक्तस्राव मात्र लगेच पांढरा दिसतो. रक्तस्राव नाही हे कळलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, आणि त्याची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांची आहे. सीटी काही सेकंदांत उरकतो, एमआरआयला वेळ लागतो. झटक्याची जागा नेमकी दाखवण्यात एमआरआयचा 'डिफ्यूजन' हा भाग फार तरबेज. पण एमआरआयच हवा म्हणून दुसऱ्या केंद्रात हलवण्यात तास घालवणं हे त्या मेंदूचं नुकसान आहे. लक्षण नेमकं किती वाजता सुरू झालं, हे मात्र लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

मुतखड्याचं गणित वेगळं. सोनोग्राफी मूत्रपिंडातला खडा आणि सूज चांगली दाखवते, पण मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांच्या गॅसमागे लपतो. कळ आहे, सूज आहे आणि खडा सापडत नाही, अशा वेळी डाय (शिरेतून टोचायचं, स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध) न देता काढलेला सीटी हा पक्का उपाय. युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, सीटीत दिसतात. इथे "डाय देऊन काढा, जास्त कळेल" असा आग्रह धरू नका. मूत्रमार्गात उतरलेली डायही पांढरीच दिसते आणि खडा तिच्यात बुडून जातो. पित्ताशयात मात्र उलटा प्रकार. कोलेस्टेरॉलच्या खड्याचा आकडा पित्ताच्या आकड्याजवळ असतो, म्हणून सीटीत तो विरून जातो, आणि सोनोग्राफीत तोच खडा मागे काळी सावली टाकून उठून दिसतो. खडा पित्तनलिकेत उतरल्याची शंका असेल तर एमआरसीपी हा एमआरआयचा प्रकार. त्याला साठलेलं पित्तच पांढरं दिसतं, डाय लागत नाही.

पाठदुखीत एमआरआयचा सर्वांत जास्त अतिरेक होतो. ज्यांची पाठ कधीच दुखली नाही अशा मध्यमवयीन माणसांच्या एमआरआयतही गादी थोडी बाहेर आलेली, सुकलेली दिसते. त्यामुळे रिपोर्टात "डिस्क बल्ज" असणं म्हणजे दुखण्याचं कारण सापडणं नव्हे. पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागेला बधिरपणा, ताप, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठी इजा, यांपैकी काही असेल तर एमआरआय तातडीने. नुसती कंबर आखडली असेल तर आधी काही आठवडे उपचार. गुडघ्याचंही तसंच. साठीपुढच्या झिजेसाठी उभं राहून, वजन टाकून काढलेला एक्स-रे पुरतो. झोपून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि झीज कमी वाटते. खेळताना गुडघा मुरगळून आतून 'कट' असा आवाज आला असेल तर मात्र एमआरआय.

छातीच्या सीटीची आठवण करोनाने घरोघरी ठेवली आहे. एचआरसीटीचा, म्हणजे फुफ्फुसांच्या बारीक कापांच्या सीटीचा, स्कोअर तेव्हा टक्क्यांसारखा सांगितला जाई. तो २५ पैकी असतो आणि त्यावरून फुफ्फुसाचा किती भाग व्यापला याचा अंदाज येतो. १२ म्हणजे बारा टक्के नव्हे. आजही जुने रिपोर्ट दाखवताना हा गोंधळ होतो.

डाय म्हणजे काय, आणि ती कधी नको

सीटीची डाय आयोडीनची, एमआरआयची गॅडोलिनियमची. दोन्ही वेगळ्या, एकीची ॲलर्जी म्हणजे दुसरीची नव्हे. डायमुळे रक्तपुरवठा दिसतो आणि त्यात वेळेला फार किंमत आहे. यकृतातल्या गाठीसाठी इंजेक्शननंतर साधारण ३० ते ३५ सेकंदांनी, मग ७० सेकंदांनी आणि पुन्हा काही मिनिटांनी असे तीन वेळा काप घेतात. यकृताचा कर्करोग पहिल्या फेरीत चमकतो आणि नंतर फिका पडतो. हीच त्याची ओळख. एकाच फेरीचा सीटी पाहून ती पटत नाही आणि मग तपासणी पुन्हा करावी लागते. म्हणून चिठ्ठीवर 'ट्रिपल फेज' लिहिलं असेल तर तेच झालं की नाही, हे पाहून घ्या.

डाय मशीनने वेगाने सोडतात, रक्तवाहिन्यांच्या तपासणीत सेकंदाला ४-५ मिलिलिटर. त्यासाठी कोपराच्या खळगीत गुलाबी किंवा हिरवी सुई लागते. वॉर्डात मनगटाच्या मागे लावलेली निळी बारीक सुई हा दाब सोसत नाही. डाय जाताना अंगभर ऊब येते, तोंडाला धातूची चव येते आणि लघवी झाल्याचा भास होतो. हे सगळं नेहमीचं, मिनिटभरात ओसरतं. सुईच्या जागी आग होऊन फुगायला लागलं, अंगावर गांधी उठल्या किंवा घसा आवळला, तर त्याच क्षणी ओरडून सांगा. टेक्निशियनला आत माइकवरून ऐकू येतं.

क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट मागतात तो मूत्रपिंडांसाठी. त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर डाय द्यायची का, याचा नीट विचार होतो, आणि तेव्हा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळीही ४८ तास थांबवतात. मासे-कोळंबीची ॲलर्जी आणि डायची ॲलर्जी यांचा खास संबंध नाही. खरा धोका पूर्वी डायचीच रिॲक्शन आलेल्यांना. ते वेळ ठरवतानाच फोनवर सांगा, कारण प्रतिबंधक गोळ्या १२-१३ तास आधीपासून सुरू कराव्या लागतात. टेबलावर झोपल्यावर सांगितलं तर तपासणी पुढे ढकलण्यावाचून उपाय नसतो. अंगावर पाजणाऱ्या आईला डायनंतर दूध बंद करण्याची गरज नाही.

चुंबक कधीच बंद नसतो

एमआरआयचा चुंबक दिवसरात्र चालू असतो, स्कॅन चालू नसतानाही, वीज गेली तरीही. चुंबकाची ताकद टेस्लामध्ये मोजतात; १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पट वगैरे. लोखंडी वस्तू दारातून आत जाताच खेचली जाते आणि थांबवता येत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन या खोलीत शिरला आणि त्यात त्याचा जीव गेला. दारावरचा टेक्निशियन पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतो, ते याचसाठी.

म्हणून किल्ल्या, मोबाइल, एटीएम कार्ड, पट्टा, केसातल्या पिना, साडीच्या सेफ्टी पिना सगळं बाहेर. सोनं-चांदी खेचली जात नाही, पण तापते आणि चित्र बिघडवते, म्हणून मंगळसूत्र, जोडवी आणि करदोडाही काढावा लागतो. घट्ट बसलेली जोडवी किंवा बांगड्या आदल्या दिवशी घरी साबण लावून काढून ठेवल्या तर ऐनवेळी ओढाताण होत नाही. जरीचे कपडे नकोत. काजळ-मस्कारा पुसा. औषधाची चिकटपट्टी अंगावर असेल तर सांगा, काहींत धातूचा पापुद्रा असतो. पेसमेकर किंवा कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड आणा. मॉडेल पाहूनच ठरतं. हृदयातले स्टेंट आणि सांध्याचे रोपण बहुतेक चालतात, पण सांगायचं सगळंच.

आत हात एकमेकांत गुंफू नका, पोटऱ्या एकमेकींना टेकवू नका. उघडी कातडी कातडीला टेकली की रेडिओ लहरींमुळे त्या वेढ्यात प्रवाह फिरतो आणि तिथे भाजू शकतं. मधे ठेवलेली गादी काढू नका. चित्राचा प्रत्येक भाग दोन ते पाच मिनिटं चालतो आणि त्यातलं माप पूर्ण वेळ गोळा होत असतं. चौथ्या मिनिटाला खाकरलात तर फक्त तेवढाच काप बिघडत नाही, अख्खा भाग पुन्हा घ्यावा लागतो. आवाज थांबल्यावर खाकरा, गिळा. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा. डोळ्यांवर रुमाल, पाय आधी आत घेणं, सौम्य औषध असे पर्याय असतात.

पेट-सीटी आणि किरणांचा हिशेब

पेटमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती कुठे जास्त खपते ते पाहतात. ती दर ११० मिनिटांनी निम्मी होते, सकाळी तयार होऊन गाडीने केंद्रात येते; रुग्ण दोन तास उशिरा आला तर त्याचा डोस निम्म्यावर आलेला असतो. सहा तास उपास, रक्तातली साखर २०० च्या आत, आदल्या दिवशी व्यायाम नाही, टोचल्यावर तासभर गप्प पडून राहायचं, नाहीतर साखर स्नायूंत जाते. आपल्याकडे एक गोष्ट विसरून चालत नाही : टीबीच्या गाठीही पेटमध्ये कर्करोगासारख्याच चमकतात. तुकडा काढून तपासल्याशिवाय चमक पाहून निदान ठरत नाही.

किरणांच्या भीतीबद्दल. निसर्गातूनच आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) मिळतात. छातीचा एक एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी, डोक्याचा सीटी २ च्या आसपास, पोटाचा सीटी ८ ते १०. म्हणजे एक्स-रेला घाबरायचं कारण नाही, पण तोच पोटाचा सीटी "खात्रीसाठी" महिन्यात दुसऱ्यांदा काढणं चूक. मुलांसाठी डोस कमी केलेली सेटिंग असतात, ती वापरताहेत ना हे विचारा. गरोदर असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा.

राहिली डॉक्टरांची चिठ्ठी. नुसतं "पोटदुखी" लिहिलं आणि "दोन दिवस ताप, उजवीकडे खाली दुखतं, अपेंडिक्स?" असं लिहिलं, यात रेडिओलॉजिस्टच्या दृष्टीने फार अंतर आहे. मेंदूचा एमआरआयही एक नसतो. फिट येणाऱ्याला स्मरणकेंद्राजवळ बारीक उभे काप लागतात, पिट्युटरी ग्रंथीसाठी वेगळे आणि डाय देऊन. साध्या एमआरआयत या दोन्हींतले लहान दोष निसटू शकतात. म्हणून चिठ्ठीवर कारण लिहून घ्या आणि जुने स्कॅन बरोबर न्या. फुफ्फुसातली ८ मिलिमीटरची गाठ दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती, हे कळल्याने पुढच्या कितीतरी तपासण्या टळतात. फिल्मवर निवडक काप असतात. संपूर्ण तपासणी सीडीत किंवा लिंकवर असते. ती मागून घ्या आणि घरी संगणकावर उतरवून ठेवा, कारण लिंक कालांतराने बंद होते आणि सीडीला ओरखडे पडतात. मोबाइलने फिल्मचा काढलेला फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवून मत मागू नका. त्यात आकडे मोजता येत नाहीत, छटा बदलता येत नाहीत, आणि नेमका हवा तो काप त्यात असेलच असं नाही.